काळा डेलिया: पाकिटातला आणि कंदातला

गणपती उठले की आमच्याकडे डेलियाची चौकशी सुरू होते. यंदा शेजारच्या काकूंनी गच्चीवरूनच हाक मारली, "अगं, तुझ्या त्या काळ्या डेलियाचं बी दे की थोडं." मी म्हटलं, कंद देते. तर म्हणाल्या, "कंद कशाला? बी दे, चार झाडं जास्त होतील."

चार काय, दहा होतील. पण काळं एकही होणार नाही, आणि मग "तू दिलेलं बी भेसळीचं होतं" हे मी वर्षभर ऐकायचं. ते ऐकण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

ही गल्लत ज्वारीमुळे होत असावी असा माझा संशय आहे. आपण सोलापूरकडची, ज्वारीच्या मुलखातली माणसं. मालदांडीची चांगली कणसं निवडून ठेवायची, पुढच्या रब्बीला पेरायची, पुन्हा मालदांडीच घरात येते. ज्वारीचं कणीस बहुतेक स्वतःच्याच परागावर भरतं, म्हणून हे जमतं, आणि "जसं बी तसं झाड" हे आपल्या डोक्यात पक्कं बसतं. पण याच जिल्ह्यात डाळिंबही आहे ना? सांगोल्याकडचा कोणी भगवा जातीचे दाणे पेरून बाग उभी करतो का? गुटी बांधतात, म्हणजे झाडाच्याच फांदीला मुळं फोडवून तिचं रोप करतात, कारण दाण्यातून भगवाच येईल याची खात्री नसते. डेलियाला डाळिंबाच्या रांगेत बसवा, ज्वारीच्या नाही, एवढंच.

डेलियाचा कंद किंवा छाट म्हणजे तेच झाड, पुढे चाललेलं. बी म्हणजे नवीनच झाड. डेलियाला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, मधमाशी कुठल्या तरी दुसऱ्या डेलियाचा आणून टाकते. तुमच्या काळ्या फुलाचं बी धरलंत तरी बाप पलीकडच्या गल्लीतला पिवळा असू शकतो. त्यात आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, बागेतल्या डेलियाच्या पेशीत आठ, एकूण ६४ गुणसूत्रं. दर बियात हे पत्ते नव्याने पिसले जातात. आईसारखं हुबेहूब पोर निघणं जवळजवळ अशक्य.

आणि काळा रंग तर फारच नाजूक जुळणी. मुळात फुलात काळं असं काही नसतंच. सकाळी नऊच्या उन्हात माझ्या काळ्या फुलाची एक पाकळी सूर्यासमोर धरा, रक्तासारखी लाल दिसते. पाकळीतला कच्चा माल एरवी दोन वाटांनी जातो: थोडा फिक्या, जवळजवळ रंगहीन द्रव्यांकडे, बाकीचा लालाकडे. काळ्या डेलियात पहिली वाट जवळपास बंद पडलेली असते, सगळा माल लालाकडे वळतो, आणि लालाचे थरच्या थर चढले की आपल्याला ते काळं दिसतं. ही बंद पडलेली वाट पोरात तशीच बंद राहील याची हमी कोण देणार? (निळ्या डेलियाचं बी विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. खरा निळा डेलिया बियांच्या पाकिटात मिळत नाही. फोटो रंगवलेला आहे.)

आता खरी मेख. "डार्क डेलिया" म्हणून मिळणाऱ्या बियांच्या पाकिटात गडद असतं ते बहुतेक वेळा पान, फूल नव्हे. १९२० च्या दशकात वेल्समधल्या कार्डिफच्या एका रोपवाटिकेतून 'बिशप ऑफ लँडाफ' नावाचा डेलिया पुढे आला: पानं काळपट जांभळी, फूल मात्र लालभडक. त्याच्याच घराण्यातलं बियांचं मिश्रण 'बिशप्स चिल्ड्रन' नावाने मिळतं. पानांचा काळेपणा त्यातल्या बहुतेक पोरांत उतरतो. फुलं येतात लाल, केशरी, पिवळी, गुलाबी. पाकिटावर 'मिश्र' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, पण मोबाइलवर विकणारा त्या पाकिटाशेजारी कुठल्या तरी काळ्या फुलाचा फोटो डकवतो आणि आपण तोच वाचतो.

मीही वाचला होता, खोटं कशाला बोलू. २५ बिया टाकल्या, १९ उगवल्या. चार पानांवर आल्या तेव्हा १५ रोपांचे देठ बिटाच्या सालीसारखे काळपट दिसत होते. मला वाटलं, जिंकलो. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली त्या आठवड्यात फुलं उमलायला लागली: केशरी, केशरी, लाल, लिंबासारखा पिवळा, परत केशरी. गडद मरून फक्त दोन. काळा एकही नाही. रोपाच्या देठावरून पानाचा अंदाज येतो, फुलाचा येत नाही, हे मला त्या जानेवारीत कळलं. पण काळ्या पानांवर तो पिवळा काय दिसत होता! तो मी काढला नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. ठरावीक काळं फूलच हवं असेल तर नाव असलेल्या वाणाचा कंद किंवा छाट घ्या, पैसे जास्त पडले तरी. काळी पानं आणि रंगांची गंमत हवी असेल तर बी लावा, स्वस्तात हौस भागते. बी लावून काळ्या फुलाची वाट बघत बसू नका.

बाकी फरक किरकोळ. कंदाचं झाड थोडं आधी फुलतं. बियांच्या झाडांत एकेरी फुलं जास्त निघतात, मधमाशा खूश. लावायची वेळ दोन्हीची एकच, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. बी अर्धा सेंटीमीटर खोल, आठवड्याभरात उगवतं. फार पाणी घातलंत तर रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. आपली काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरून ठेवते. निम्मा पोयटा आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. तीन-चार जोड पानांवर शेंडा खुडा. गडद फुलांना दुपारचं ऊन लागू देऊ नका, कडा करपतात.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेलियाचा कंद म्हणजे बटाटा नव्हे, आणि 'बल्ब' तर मुळीच नव्हे. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाला फक्त मानेशी, जिथे कंद जुन्या खोडाला चिकटतो तिथे. मान तुटलेला जाडजूड कंद मातीत महिने पडून राहील, मुळंही फोडेल, कोंब फुटणार नाही. मागे एका नर्सरीतून मी असे तीन गुबगुबीत कंद आणले होते, एकालाही डोळा नव्हता. आता मान बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

आणि बियातून एखादं मनासारखं निघालंच, तर पहिल्याच वर्षी त्याच्या बुडाशी कंद धरलेले असतात. तिथून पुढे ते कंदाचंच झाड; त्याचं बी विसरा. माझा दोनांपैकी बरा मरून असाच टिकला आहे. फेब्रुवारीअखेर फुलं संपली की पाणी तोडते, खोड वाळलं की गड्डा माती झटकून उकरते आणि जिन्याखाली जुन्या घमेल्यात कोरड्या वाळूत पुरून ठेवते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हात घालून बघायचं: सुरकुतला असेल तर पाण्याचा शिपका, मऊ लागला तर तेवढा भाग कापून टाकायचा. ऑगस्टमध्ये मानेशी गुलाबी डोळे टचटचीत दिसले की वेगळे करायचे. यंदा तीन निघाले. त्यातला एक काकूंसाठी ठेवलाय, त्यावर खडूने "बी नाही" असं लिहून.