पांढरी भिंत काळी कशी होते?

पावसाळ्यात ब्रह्मकमळं उमलू लागली की मोबाइलवर त्यांच्या फोटोंचा पूर येतो. त्यातल्या एखाद्या फोटोत मागे मिट्ट काळोख आणि पुढे फक्त फूल असतं. मग ठरलेले प्रश्न येतात: मागे काळं कापड धरलं होतं का? अ‍ॅपने केलंय का? यावर कोणीतरी सांगतं, ‘रात्री काढलाय, काळं येणारच.’ पण त्याच रात्री, त्याच गच्चीवर दुसऱ्याने काढलेल्या फोटोत कठडा, दोरीवरचे कपडे, पाण्याची टाकी असं सगळं लख्ख दिसतं. मोबाइलचा ‘नाइट मोड’ अनेक फोटो एकत्र करून अंधारही उजळवतो. (आपल्या कुंडीतलं हे ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं एक निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. दोघांचं काही नातं नाही, त्यामुळे ‘हिमालयातलं दुर्मीळ फूल घरी उमललं’ म्हणून इच्छा मागायचंही कारण नाही.)

काळ्या पार्श्वभूमीसाठी रात्र लागत नाही आणि काळं कापडही लागत नाही. पांढऱ्या भिंतीपुढच्या मोगऱ्यामागेही काळोख आणता येतो. फोटोतला काळा म्हणजे फुलाच्या तुलनेत फारच कमी प्रकाश. फूल नीट दिसेल इतकाच प्रकाश कॅमेऱ्यात घेतला आणि मागच्या वस्तूकडून त्याच्या साठाव्या हिश्श्याइतकाच आला, तर ती वस्तू पांढरी असली तरी जवळजवळ काळी उमटते. आपल्या डोळ्यांना हे पटत नाही, कारण डोळे आणि मेंदू मिळून उजेड-सावलीतला फरक सतत कमी करत असतात. उन्हात उभे राहूनही आपल्याला घरातलं कपाट दिसतं. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र पडलेला प्रकाश फक्त मोजतो.

म्हणून सर्वांत सोपी युक्ती म्हणजे उघडं दार. स्वच्छ उन्हात प्रकाश सुमारे १ लाख लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचं एकक) असतो, तर दिवसा घरातल्या खोलीत काही शे लक्स. कुंडी उन्हात ठेवा आणि फुलामागे उघड्या दारातली अंधारी खोली येईल असे उभे राहा. फरक शेकडो पटींचा आहे. खोली नाहीशी होते.

पण मागे भिंतच असेल आणि तिच्यावरही ऊन असेल तर? तिथे सूर्य कामाचा नाही. तो १५ कोटी किलोमीटर दूर आहे. फूल आणि भिंत यांच्यातल्या एक-दोन मीटरांनी त्याला काही फरक पडत नाही, दोघांवर सारखाच प्रकाश पडतो. मग फूल आणि मागची भिंत दोन्ही सावलीत असतील अशी जागा घ्यायची आणि स्वतःचा छोटा दिवा आणायचा. इथे कामाला येतो मला सर्वांत आवडणारा नियम, व्यस्त वर्गाचा. प्रकाशाबाबत तो योहानेस केप्लरने १६०४ साली मांडला. छोट्या दिव्यातून निघालेला प्रकाश दुप्पट अंतरावर चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून तेवढ्याच जागेवर चौथाच हिस्सा पडतो. तिप्पट अंतरावर नववा.

आता फ्लॅश फुलापासून २५ सेंटिमीटरवर धरा. भिंत फ्लॅशपासून २ मीटरवर आहे, म्हणजे आठपट दूर. तिच्यावर पडणारा प्रकाश फुलावरच्या प्रकाशाच्या ६४ वा हिस्सा. झाली भिंत काळी! आता तोच फ्लॅश मागे घेऊन फुलापासून २ मीटरवर न्या. भिंत ३.७५ मीटरवर गेली. अंतराचं गुणोत्तर दोनाहूनही कमी झालं, आणि भिंतीवर फुलाच्या सुमारे २८ टक्के प्रकाश पडू लागला. ती स्पष्ट दिसणार. म्हणजे पार्श्वभूमी काळी करायची तर दिवा जवळ आणायचा. हे उलटं वाटतं, पण महत्त्व गुणोत्तराला आहे, दिव्याच्या ताकदीला नाही.

मग कॅमेराही जवळच हवा का? नाही. कॅमेरा दूर नेला की फुलाकडून भिंगात येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, हे खरं. पण सेन्सरवरची फुलाची प्रतिमाही त्याच प्रमाणात लहान होते. कमी प्रकाश कमी जागेवर पडतो आणि प्रतिमेची उजळता तीच राहते. चंद्र इतका दूर असूनही उन्हातल्या दगडासारख्याच सेटिंगवर त्याचा फोटो निघतो, तो यामुळेच. म्हणून दिवा हातात सुटा हवा आणि बाजूने धरायला हवा.

सावलीतला उरलेला उजेड घालवायला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/१६ म्हणजे बरंच लहान आणि शटर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/२०० सेकंद ठेवा. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या फार छोट्या भागात संपतो, त्यामुळे शटर १/५० वरून १/२०० वर नेल्याने त्याचा प्रकाश कमी होत नाही. सावलीचा मात्र चौपट घटतो. मोबाइलवाल्यांनी सूर्यास्तानंतर दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने जवळ धरावा.

एवढं करूनही ऑटोवर किंवा मोबाइलवर फूल पांढरं फटक येऊ शकतं, कारण कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजून सेटिंग ठरवणारी यंत्रणा) सगळं दृश्य मध्यम उजेडाचं असावं असं धरून चालतो. चौकटीत काळोख जास्त दिसला की तो सगळंच उजळवतो. मोबाइलवर फुलावर बोट टेकवा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा, पाकळीवरच्या शिरा दिसेपर्यंत. सॉफ्टवेअरने पार्श्वभूमी काळी करण्याची सोय जाहिरातीत छान दिसते, पण ते कडा अंदाजाने ठरवतं आणि जास्वंदीचे पुंकेसर कापून टाकतं.

काळ्या पार्श्वभूमीवरच्या आणखी एका फोटोबद्दल सांगायलाच हवं. पानाभोवती निळसर तेजोवलय दाखवून ही ‘प्राणशक्ती’ असल्याचं सांगितलं जातं. ही पद्धत सोव्हिएत रशियातल्या सेम्यॉन किर्लियन यांची, १९३९ सालची. पान फिल्मवर ठेवून उच्च दाबाची वीज दिली की भोवतालच्या हवेचे रेणू आयनित होऊन चमकतात. पानातल्या ओलाव्यानुसार वलय बदलतं आणि निर्वातात ते दिसतच नाही. नाणं ठेवलं तरी वलय उमटतं. त्यावरून आजार ओळखण्याचे पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा.

पुन्हा आपल्या फुलांकडे येऊ. लाल जास्वंदीची वेगळी काळजी घ्या. सेन्सरचे लाल प्रकाश टिपणारे बिंदू सर्वांत आधी भरून जातात. मीटर एकूण उजेड बघतो, त्यात हिरव्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे तो इशारा देत नाही. पाकळी सपाट लाल डाग होते आणि नंतर कितीही काळोखी वाढवली तरी हरवलेला तपशील परत येत नाही. म्हणून फोटो काढतानाच मोगऱ्यापेक्षा एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा प्रकाश) ठेवा आणि फोटो मोठा करून शिरा दिसताहेत ना ते तिथेच तपासा.