दोन वाट्या म्हणजे किती?

"मावशी, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत?"

आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. "नेहमीचंच की. चहा, भात." खोदून विचारल्यावर यादी लांबत गेली. घरून निघताना कोरा चहा. पहिल्या कामावर चहा आणि दोन खारी. आमच्याकडे रात्रीच्या उरलेल्या दोन चपात्या आणि भेंडी. दुपारी गोवंडीला घरी जाऊन डाळ-भात, दोन वाट्या. संध्याकाळी नातवाला घेतलेल्या वडापावातला उरलेला तुकडा. "आणि रात्री?" "रात्री भूक नव्हती."

दोन वाट्या म्हणजे कुठली वाटी, असं विचारल्यावर त्यांनी आमच्या मांडणीवरच्या तीन वाट्या हातात घेऊन बघितल्या. एकही पटली नाही.

देशातल्या भुकेचे आकडे शेवटी अशाच गप्पांमधून निघतात. आहार-सर्वेक्षणाला जाणारी माणसं म्हणूनच ठरावीक मापाच्या वाट्या पिशवीतून सोबत नेतात आणि मागच्या चोवीस तासांत काय खाल्लं ते विचारतात. ज्यावरून गरिबी मोजतात, त्या खर्चाच्या सर्वेक्षणाची तऱ्हा वेगळी. महिन्याभरात घरात तांदूळ किती आला, तेल किती, डाळ किती? आता महिन्याभराचं कुणाला आठवतं! १९९९-२०००च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत धान्य, डाळ, तेलाबद्दल एकाच घराला दोनदा विचारलं गेलं, मागच्या सात दिवसांचं आणि मागच्या तीस दिवसांचं. दोन्ही रकाने शेजारी शेजारी आल्यामुळे एका उत्तराचा रंग दुसऱ्याला लागला. १९९३-९४ साली ३६ टक्के असलेली गरिबी त्या वर्षी २६ टक्क्यांवर आलेली दिसली, आणि त्यातली खरी घट किती व प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची करामत किती, यावर अर्थतज्ज्ञ पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिले.

मावशींच्या त्या दोन चपात्यांचं काय झालं असतं? या पाहण्यांचा जुना नियम असा की शिजवलेलं जेवण ज्या घरात शिजलं, त्या घराच्या खात्यावर. म्हणजे चपात्या त्यांनी खाल्ल्या आणि उष्मांक माझ्या नावावर जमा! मी आहे त्याहून जास्त खाणारा ठरतो, त्या आहेत त्याहून जास्त उपाशी. ज्या शहरात घराघरांत कामाला बाई आहे, तिथे ही चूक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

पण माप अगदी बिनचूक मिळालं तरी खरी पंचाईत पुढेच आहे. भुकेची रेघ ओढायची कुठे? या प्रश्नावर आपल्याकडे जो वाद झाला, त्यातली दोन्ही मोठी नावं मराठी आहेत आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नसतो, याचं मला नवल वाटतं.

पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक मिळवायला किती खर्च करावा लागतो, ही त्यांची कसोटी. १९६०-६१च्या किमतींत ती रक्कम वर्षाला खेड्यात १८० रुपये आणि शहरात २७० रुपये निघाली. त्या रेघेखाली खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं होती. शहराचा आकडा मोठा! मुंबईला जाऊन पोट भरतं, हा आपला समज कागदावर तरी डळमळला.

त्यावर आक्षेप आला पां. वा. सुखात्मे यांचा. साताऱ्याकडच्या बुधचे हे संख्याशास्त्रज्ञ रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीची धुरा सांभाळून पुण्यात परतले होते. आज ती संघटना जगातल्या उपाशी माणसांची जी संख्या दरवर्षी जाहीर करते, तिच्या पद्धतीचं मूळ त्यांच्याच कामात आहे. त्यांचं म्हणणं चपलांच्या दुकानात पटकन कळतं. गिऱ्हाइकांच्या पायाचा सरासरी नंबर आठ आहे, म्हणून सात नंबरवाल्याचा पाय खुरटा ठरत नाही. गरजेची सरासरी हीच रेघ धरली, तर ज्यांची गरजच कमी आहे असे धडधाकट लोकही उपाशी मोजले जाणार. शिवाय एकाच माणसाचं खाणंही दिवसागणिक वर-खाली होतं आणि शरीर ते काही मर्यादेत सांभाळून घेतं. म्हणून रेघ सरासरीच्या बरीच खाली हवी. तशी ती ओढली की उपाशी माणसांची संख्या झपकन घसरते.

गणित चोख आहे. तरी मला ते पूर्ण पटत नाही. कमी खाऊन निभावणारं शरीर काहीतरी विकून निभावत असतं. मूल असेल तर उंची जाते, मोठं माणूस असेल तर काम करायची ताकद. दांडेकरांनीही ऐंशीच्या दशकात उत्तर दिलं, पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी तर लहानखुरं पण निरोगी या कल्पनेलाच कडाडून विरोध केला. उंचीचा प्रश्न पुढे बराच सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली मुलांच्या वाढीची जी मानकं काढली, त्यासाठी सहा देशांतली सुस्थितीतली मुलं मोजली होती, त्यांत दिल्लीची मुलंही होती. खायला-प्यायला नीट मिळालं की पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं. त्या पट्टीवर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली.

सुखात्म्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला त्यांच्या गणितापेक्षा मोलाचा वाटतो. ते म्हणत, नुसतं ताट वाढून भागणार नाही, पाणी आणि संडास बघा. पोरगं सारखं जुलाबाने बेजार असेल तर खाल्लेलं अंगी लागणार कसं? मावशींच्या गल्लीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गोवंडी, देवनार, मानखुर्दचा एम-पूर्व विभाग मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात सर्वांत तळाला होता. देवनारचं डम्पिंग ग्राउंडही तिथलंच.

मग रेशनचं काय? मावशींकडे केशरी कार्ड आहे, प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असलेलं. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला पाच किलो धान्य, २०२३च्या जानेवारीपासून फुकट. भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेत, त्यामुळे मशीनवर अंगठा तिसऱ्या-चौथ्या खेपेला लागतो, पण धान्य मिळतं. पाच किलोला तिसाने भागा. दिवसाला १६६ ग्रॅम, म्हणजे ५८० उष्मांकांच्या आसपास. शहरी माणसासाठी १९७९ साली २१०० उष्मांकांचं प्रमाण ठरलं होतं, त्याच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्त. तरी हे धान्य बिनकामाचं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तांदळाचे वाचलेले पैसे मावशी अंडी आणि तेलाला लावतात.

अडचण ही की पोट भरल्याने लोह मिळत नाही. वडापावाने भूक भागते, रक्त वाढत नाही. २०१९-२१च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता आणि २४ टक्के बायका वजनाने जास्त होत्या. उष्मांकांची एकच रेघ ओढणाऱ्या जुन्या हिशेबात हे बसवायला जागाच नाही.

म्हणून आता आठवणीवर न विसंबणारी मापं पुढे आली आहेत. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला गुंडाळायची आणि खिडकीतला आकडा वाचायचा. वाटी कुठली, चपाती कुणाच्या घरची, काही विचारावं लागत नाही.

गेल्या महिन्यात मावशींच्या धाकट्या नातवाचा दंड मोजला, पट्टी पिवळ्यावर थांबली. दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "पिवळं आलंय म्हणतात. मग आता आमचं कार्डपण पिवळं करून देतील का हो?"