बोनेअरचं पाणी : नांगर, पिवळे दगड आणि ‘हिल्मा हुकर’

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर स्कुबा डायव्हिंगसाठी गेलेला जवळजवळ प्रत्येक जण ‘हिल्मा हुकर’चे फोटो घेऊन परततो. 72 मीटर लांबीचं मालवाहू जहाज, सुमारे 30 मीटर खोल वाळूत उजव्या कुशीवर पडलेलं, आणि त्याच्या सावलीत संथ फिरणारे चंदेरी टार्पन मासे. फोटो देखणे येतात यात शंका नाही. माझा जीव मात्र त्या फोटोंच्या कडेला दिसणाऱ्या प्रवाळाच्या उतरणीत अडकतो. कॅरिबियनमध्ये ठिकठिकाणी प्रवाळ मरत असताना ही उतरण इतकी वर्षं कशी तगली?

थोडं श्रेय निसर्गाचं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरवरच्या या डच बेटावर पाऊस कमी आणि नदी एकही नाही, म्हणून समुद्रात गाळ फारसा उतरत नाही. वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतो आणि पश्चिम किनारा त्याच्या आडोशाला राहतो. चक्रीवादळांची नेहमीची वाटही उत्तरेकडून जाते. पश्चिमेला प्रवाळ इतकं जवळ आहे की गाडी रस्त्याकडेला लावायची, सिलिंडर पाठीवर घ्यायचा आणि चालत पाण्यात शिरायचं. कुठे शिरायचं ते रस्त्याकडेचे पिवळे रंगवलेले दगड सांगतात. प्रत्येकावर त्या जागेचं नाव लिहिलेलं असतं.

डचांना या कोरड्या बेटात दिसलं ते मीठ. 1636 मध्ये त्यांनी बेट ताब्यात घेतलं आणि पुढे दक्षिणेच्या मिठागरांत गुलाम राबवले. 1850 च्या सुमारास गुलामांसाठी बांधलेली दगडी खोपटी आजही किनाऱ्यावर उभी आहेत. त्यांची दारं इतकी ठेंगणी, की मोठ्या माणसाला पार वाकूनच आत जावं लागतं. गुलामगिरी संपायला 1863 उजाडलं. त्या खोपट्यांसमोरच डायव्हिंगच्या जागा आहेत. पाण्यात उतरण्याआधी तिथे घटकाभर थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

पाण्याखालचं बोनेअर जगाला दिसू लागलं ते 1939 मध्ये. ऑस्ट्रियाचा तरुण हान्स हास कॅमेरा आणि भाला घेऊन या भागात आला होता. भाल्याने मासे मारणं तेव्हा डायव्हिंगचाच भाग समजलं जाई. 1962 मध्ये अमेरिकी डॉन स्टुअर्ट शिडाच्या जहाजातून इथे पोचला आणि इथलाच झाला. डायव्हिंगच्या धंद्याचा पाया घालणाऱ्या या माणसाला एक गोष्ट लवकर कळली : नांगराने प्रवाळाचं वाटोळं होतं. नांगर पडताना जे मोडतं ते मोडतंच, पण वाऱ्यासरशी होडी फिरली की साखळी तळावरून झाडूसारखी फिरते. मेंदूसारख्या दिसणाऱ्या प्रवाळाचा गोळा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो. माणसाहून जुना गोळा अशा एका दुपारी खरवडून निघतो. म्हणून स्टुअर्टने बोयांचा, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या गोळ्यांचा आग्रह धरला. होडी बोयाला बांधायची, नांगर टाकायचाच नाही.

बेटाच्या सरकारनेही पावलं लवकर उचलली. 1961 मध्ये कासवांच्या अंड्यांना संरक्षण मिळालं, 1971 मध्ये भाल्याच्या मासेमारीवर बंदी आली, 1975 मध्ये प्रवाळ तोडण्यावर. 1979 मध्ये भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंतचा सगळा समुद्र सागरी उद्यान झाला.

मग पैसा आटला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर उद्यान जवळपास कागदावरच उरलं, आणि नेमक्या त्याच काळात समुद्रावरही संकटं कोसळली. 1983-84 मध्ये साऱ्या कॅरिबियनभर लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन रोगाने मेले. प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खाणारे हेच जीव. ते गेले आणि शेवाळ माजलं. हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं उथळ पाण्यातलं प्रवाळही त्याच दशकात रोगाने ओसरलं.

‘हिल्मा हुकर’ बुडालं तेही तेव्हाच. 1984 च्या उन्हाळ्यात बिघडलेलं हे जहाज बोनेअरच्या धक्क्याला लागलं. कागदपत्रं धड नव्हती. झडती घेतली तेव्हा खोट्या भिंतीआड सुमारे 11 टन गांजा निघाला. जहाज जप्त झालं, मालक काही पुढे आला नाही. गळकं जहाज धक्क्यावरून हलवून किनाऱ्याजवळ नांगरलं. 12 सप्टेंबरला सकाळी ते कलंडलं आणि बुडालं, तेही प्रवाळाच्या दोन रांगांमधल्या वाळूत. थोडं इकडेतिकडे पडलं असतं, तर शेकडो वर्षांची वाढ त्याच्याखाली चिरडली असती.

उद्यान 1991 मध्ये पुन्हा उभं राहिलं. पुढच्या वर्षी डायव्हरकडून वर्षाला 10 डॉलर शुल्क सुरू झालं आणि गस्त, बोया, पगार यांचा खर्च त्यातून निघू लागला. उद्यानाने स्वतःच्या पायावर उभं राहणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. समोरचं निर्जन क्लाइन बोनेअर बेट बांधकामासाठी जाऊ नये म्हणून 1999 मध्ये विकत घेण्यात आलं.

नांगर आणि भाले रोखता आले. पाण्याची उष्णता आणि रोगराई मात्र उद्यानाची हद्द जुमानत नाहीत. 2010 मध्ये उष्णतेने प्रवाळ पांढरं पडलं. मार्च 2023 मध्ये प्रवाळाचं जिवंत आवरण झपाट्याने सोलून काढणारा रोग इथे पहिल्यांदा आढळला. ज्या मेंदू-प्रवाळांना स्टुअर्टने नांगरापासून वाचवलं, तीच या रोगाला सगळ्यात आधी बळी पडतात. आता डायव्हरना आपलं साहित्य जंतुनाशकात बुडवून घ्यायला सांगितलं जातं, कारण एका जागेचं पाणी दुसऱ्या जागी जायला डायव्हरचा ओला पोशाखही पुरतो.