जुनी पोर्ट चाखायला येताय? आधी हे वाचा

पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, जास्त अल्कोहोलची वाईन. तिच्या एका बाटलीत 750 मिलिलिटर असते. जुन्या बाटलीतला तळाचा गाळ वजा केला की हाती 600 ते 650 उरते. माणशी 50 मिलिलिटर धरलं तर बारा जणांचं नीट भागतं, तेरावा आला की हिशेब फसतो. आमच्या बैठकीला बाराच खुर्च्या का, असं दरवेळी कुणीतरी विचारतं, म्हणून आधी हे गणित सांगून टाकलं. तुमची खुर्ची पक्की झाली आहे. यायच्या आधी दहा मिनिटं काढून हे पत्रक वाचलंत तर बैठकीत समजावून सांगण्यात वेळ जाणार नाही आणि सगळा वेळ ग्लासाला देता येईल.

जुनी म्हणजे कुठे जुनी झालेली?

पोर्ट येते पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या दोउरो नदीच्या खोऱ्यातून. 1756 साली पोर्तुगालचे तेव्हाचे प्रभावी मंत्री मार्क्विस द पोंबाल यांच्या कारकिर्दीत या भागाची हद्द आखली गेली. ती दाखवणारे ग्रॅनाइटचे खांब काही ठिकाणी अजून उभे आहेत. द्राक्षाचा रस आंबत असतो, त्यातली साधारण निम्मी साखर शिल्लक असते, तेवढ्यात त्यात 77 टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. यीस्टचं काम तिथेच थांबतं आणि उरलेली गोडी तशीच राहते. तयार पोर्टमध्ये अल्कोहोल 19 ते 22 टक्के. इथपर्यंत सगळ्या पोर्ट बहिणी-बहिणी. पुढे मात्र दोन वाटा फुटतात, आणि आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त घोळ याच ठिकाणी होतो.

पहिली वाट बाटलीतली. व्हिंटेज पोर्ट एकाच वर्षाच्या पिकाची असते. ती लाकडात जेमतेम दोन-तीन वर्षं राहते, न गाळता बाटलीत जाते आणि मग बुचाखाली अंधारात वीस, चाळीस, साठ वर्षं काढते. हवा जवळजवळ नाहीच. रंग आधी शाईसारखा जांभळा, मग माणकासारखा, मग विटेसारखा होत जातो. फळाचा गंध टिकून राहतो आणि तळाशी जाड गाळ बसतो.

दुसरी वाट लाकडातली. टॉनी पोर्ट 550 लिटर किंवा त्याहून मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरते, हवा खाते, थोडी थोडी उडून जाते, बाकीची दाट होते. फळ मागे सरतं आणि अक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल, जळती साखर असले गंध पुढे येतात. फार जुन्या टॉनीचा ग्लास कलता धरलात तर कडेला हिरवट झाक दिसते. ती दिसली की टेबलावर सगळे एकदम गप्प होतात. लेबलावरचे 10, 20, 30, 40 हे आकडे म्हणजे त्या वाईनचा जन्मदाखला नव्हे. त्या वयाच्या पोर्टला शोभेल अशी चव तिला आहे, हे दोउरो आणि पोर्ट वाइन संस्थेच्या चाखणाऱ्यांनी मान्य केलं, एवढाच त्यांचा अर्थ. एकाच वर्षाच्या पिकाची टॉनी हवी असेल तर लेबलावर ‘कोल्हेइता’ हा शब्द शोधा. ती निदान सात वर्षं लाकडात असते आणि लेबलावर पिकाच्या वर्षाबरोबर बाटली भरल्याचं वर्षही असतं. हे दुसरं वर्ष वाचायला विसरू नका. 1974 ची कोल्हेइता 1990 मध्ये भरली की 2015 मध्ये, यावर ग्लासात दोन अगदी वेगळ्या वाईन येतात.

म्हणून आमचा पहिला नियम: बाटलीत वाढलेली आणि लाकडात वाढलेली पोर्ट एका रांगेत ठेवायची नाही. दोघींचं वय एकच असलं तरी ही तुलना म्हणजे लोणच्याची तुलना मुरांब्याशी.

रांग कशी लावतो

पोर्टच्या जुन्या कंपन्यांना आम्ही आपसांत घराणीच म्हणतो. टेलर, फोन्सेका, ग्रॅहम, डाऊ, वॉर, नीपूर्त, किंता दो नोव्हाल अशी प्रत्येकाची आपली गायकी आहे. डाऊ जरा कोरडी, ग्रॅहम मोकळ्या हातानं गोड. एकाच घराण्याची वेगवेगळी वर्षं ओळीनं ठेवली की त्याला उभी रांग म्हणतो, एकाच वर्षाची वेगवेगळी घराणी ठेवली की आडवी. नवख्यांना आम्ही आडवी सुचवतो, कारण तिथे हवामान सगळ्यांना सारखंच मिळालेलं असतं. जो फरक जिभेवर येतो तो माणसांचा, मळ्यांचा आणि पिंपांचा.

पण व्हिंटेज काही दरवर्षी होत नाही. पीक खास वाटलं तरच घराणं ते वर्ष जाहीर करतं. साधारण दहा वर्षांत तीनेकदा असं घडतं आणि हा निर्णय ज्याचा त्याचा असतो. 1963, 1970, 1985 ही वर्षं बहुतेकांनी जाहीर केली, त्यामुळे आडवी रांग सहज लागते. 1977 मोठं वर्ष गाजलं, पण कॉकबर्न या घराण्यानं ते जाहीर केलं नाही. 1991 आणि 1992 ची गंमत त्याहून मोठी. ग्रॅहम, डाऊ, वॉर 1991 घेऊन उभी राहिली, तर टेलर आणि फोन्सेका यांनी 1992 निवडलं. टेलरची स्थापना 1692 ची, त्यामुळे त्या वर्षी घरात तीनशे वर्षांचा सोहळाही होता. ही दोन वर्षं समोरासमोर ठेवणारी बैठक आमची सगळ्यात आवडती, कारण ती भांडणाशिवाय कधी संपत नाही. उलट 2016 आणि 2017 ही लागोपाठची दोन वर्षं बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केली. असं क्वचितच होतं. या बाटल्यांच्या बैठकीला आम्हाला वेळ आहे, तुम्हालाही असू दे.

वर्षाला नव्हे, बाटलीला मार्क द्या

आमचं मुख्य म्हणणं हेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एकाच घराण्याच्या 1970 च्या दोन बाटल्या उघडल्या. दोन्ही वेगवेगळ्या लोकांकडून आलेल्या. डिकँटर, म्हणजे गाळ मागे ठेवून वाईन ओतून घ्यायची काचेची भांडी, झाकून, ‘क’ आणि ‘ख’ अशा चिठ्ठ्या लावून मांडली. बारापैकी सात जणांनी लिहिलं की वर्षं वेगळी आहेत, दोघांनी लिहिलं की घराणीही वेगळी आहेत. ‘क’ मध्ये गुलाबाच्या सुकल्या पाकळ्या, काळं चॉकलेट, गिळल्यावर मिनिटभर घशात ऊब. ‘ख’ गोड होती, पण मधेच पोकळ, आणि शेवटी स्पिरिट एकटंच टोचत होतं. दोन्ही एकाच वर्षी, एकाच नावानं निघालेल्या. ‘ख’ कुठेतरी उन्हाळ्यांमागून उन्हाळे गरम खोलीत पडून होती, हे तिच्या मालकानं नंतर कबूल केलं. त्या संध्याकाळी कुणी ‘1970 फारसं चांगलं नाही’ असं लिहून घरी गेलं असतं, तर त्या वर्षावर अन्याय झाला असता.

याला आणखी एक कारण आहे. 1970 पर्यंतच्या व्हिंटेजची पिंपं पुष्कळदा ब्रिटनला जात आणि तिथले वाईन व्यापारी आपल्या तळघरात बाटल्या भरत. एकाच वर्षाची एकच पोर्ट चार हातांनी चार प्रकारच्या बुचांखाली बंद केलेली सापडते. काहींवर कागदी लेबलच नाही, फक्त मेणाचा शिक्का असतो आणि ओळख पटवायला बुचावरचा छाप वाचावा लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक बाटलीचं बूच, ते मोडलं असलं तरी, तिच्या डिकँटरशेजारी बशीत ठेवतो. हातात घ्या, वास घ्या, वाचा.

बाटली उघडण्याआधी आम्ही पातळी बघतो. वाईन मानेपर्यंत असेल तर निर्धास्त. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचानं दगा दिल्याची शंका घ्यायची. काही जुन्या बाटल्यांवर एका बाजूला पांढऱ्या रंगाचा फटकारा दिसेल. ती घाण नव्हे. आडवी ठेवताना तो फटकारा वर राहायला हवा, म्हणजे हलवाहलवी झाली तरी गाळ पुन्हा त्याच बाजूला बसतो. हौशीनं बाटली पुसणाऱ्यांनी कृपया हा फटकारा खरवडू नये. एकदा आमच्याच मदतनिसानं ते केलं आहे.

तुम्ही याल त्याआधी

बाटल्या दोन दिवस आधी उभ्या करतो, गाळ तळाला जाऊ देतो. मग अगदी एका दमात, बाटली मागेपुढे न हलवता, मानेखाली मेणबत्ती किंवा छोटा दिवा धरून वाईन डिकँटरमध्ये ओततो. मानेत काळसर धागा सरकताना दिसला की थांबतो. चाळीस-पन्नास वर्षांचं बूच स्क्रूला दाद देत नाही, त्याचा भुगा होतो. अशा वेळी आमच्याकडे पोर्टचा चिमटा आहे. तो लाल होईपर्यंत तापवून बुचाच्या खाली मानेला धरायचा, मिनिटभरानं काढायचा आणि त्याच जागी गार पाण्यात भिजवलेलं फडकं फिरवायचं. टक् असा आवाज येतो आणि मान बुचासकट सरळ रेषेत सुटते. बघायचं असेल तर अर्धा तास लवकर या. घरी मात्र हा प्रयोग करू नका.

किती वेळ आधी ओतायचं यावर दर बैठकीला वाद होतो. आमचा रिवाज असा: 1970 च्या आधीच्या बाटल्या तासभर आधी, 1980 च्या दशकातल्या तीन-चार तास आधी, त्याहून तरुण असतील तर सकाळीच. टॉनीला गाळ नसतो, तिला ही खटपट लागत नाही. ती थोडी गार, 12 ते 16 अंशांवर देतो, व्हिंटेज 16 ते 18 वर.

टेबलावर

ग्लास मध्यम आकाराचा, वर थोडा आवळलेला असतो. पोर्तुगालच्या अधिकृत पोर्ट ग्लासचं डिझाइन वास्तुशिल्पी आल्वारो सिझा यांचं आहे. त्याच्या दांड्याला चिमटीसाठी चौकोनी खाच आहे. आमच्याकडे तसे सहाच उरलेत, आधी येईल त्याला. पांढऱ्या कागदावर ग्लास कलता धरून आधी रंग बघा, मधला आणि कडेचा. मग वास घ्या, ग्लास न हलवता एकदा आणि हलवून एकदा. मग छोटा घोट तोंडभर फिरवा. तीन गोष्टी शोधा: गोडीला तोलणारा आंबटपणा आहे का, तुरटपणा अजून हिरड्यांना धरतो का, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते.

नंतर लिहा. बोलू नका. पहिली दहा मिनिटं टेबलावर चकार शब्द नको, हा आमचा एकमेव कडक नियम. एकानं ‘बेदाणे!’ म्हटलं की पुढच्या अकरा जणांना बेदाणेच लागतात, हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. सुंदर शब्द सुचले नाहीत तरी चालेल. ‘पहिलीपेक्षा बारीक, दुसरीपेक्षा लांब’ ही नोंद दहा फळांच्या यादीपेक्षा उपयोगी असते.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचानं वाईन बिघडवली आहे. लगेच हात वर करा, राखीव बाटली असते. फार जुन्या टॉनीत व्हिनेगरची बारीक धार लागली तर मात्र घाई करू नका. ती थोडी असेल तर तिच्यामुळेच गोडी जड होत नाही. किती म्हणजे थोडी, यावर आमच्या दोन भागीदारांचंही एकमत नाही.

थुंकायची भांडी प्रत्येकापुढे आहेत आणि ती शोभेची नाहीत. आठ पोर्ट प्रत्येकी 50 मिलिलिटर म्हणजे 400 मिलिलिटर, तेही 20 टक्क्यांचं. साध्या वाईनच्या बाटलीचे पाच भाग करून त्यातले चार एकट्यानं पिण्यासारखं झालं. पाचव्या ग्लासानंतर सगळंच छान लागतं आणि मग तुलनेत राम उरत नाही. गाडी चालवणाऱ्यांनी एकही घोट गिळू नये. अत्तर, सुगंधी तेल, नुकतीच ओढलेली सिगारेट, तिन्ही दाराबाहेर.

डिकँटर आपल्या डावीकडे सरकवायचा हा ब्रिटिश रिवाज आम्ही पाळतो, निव्वळ मजा म्हणून. तो तुमच्यापाशीच अडला तर कुणीतरी विचारेल, ‘नॉरिचच्या बिशपना ओळखता का?’ उत्तर द्यायचं नसतं, डिकँटर पुढे ढकलायचा असतो.

स्वतःची बाटली आणणार असाल तर

आनंदानं आणा, पण त्याच दिवशी हातात घेऊन येऊ नका. वाटेत गाळ ढवळला गेला की तिची चव चिखलासारखी लागते. दोन दिवस आधी आमच्याकडे पोचवा आणि सोबत चिठ्ठीत लिहा: कुठून घेतली, किती वर्षं तुमच्याकडे होती, आडवी होती की उभी, कुठल्या खोलीत. खरं लिहा. स्वयंपाकघराच्या कपाटात होती असं असेल तर तसंच. ही चिठ्ठी बंद लिफाफ्यात राहते आणि सगळ्यांच्या नोंदी वाचून झाल्यावरच उघडली जाते. त्याआधी तुमची बाटली कोणती, हे तुम्हालाही ठाऊक नसतं. आपल्याच बाटलीला सगळ्यात कमी मार्क देणारे निदान चार जण आमच्या नोंदवहीत आहेत.

उरलेल्या थेंबांचं काय? टॉनी उघडल्यावर काही आठवडे तग धरते, ती आम्ही पुढच्या बैठकीच्या तोंडओळखीला वापरतो. जुनी व्हिंटेज दुसऱ्या दिवसापर्यंतच खरी. ज्यांची बाटली असेल त्यांना उरलेलं छोट्या शिशीत भरून देतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शांतपणे, एकट्यानं तिचा वास घ्या आणि आदल्या दिवशीच्या नोंदीखाली एक ओळ आणखी लिहा. ती ओळ आम्हाला कळवलीत तर नोंदवहीत तिच्यासाठी जागा कोरी ठेवलेली आहे.