शत्रू व प्रतिपक्षी यांसाठीचे इंग्रजी शब्द

समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या व्यक्तीसाठी किंवा पक्षासाठी इंग्रजीत एनिमी, फो, ऑपोनन्ट, अ‍ॅडव्हर्सरी, राइव्हल, अँटॅगोनिस्ट, नेमेसिस असे अनेक शब्द रूढ असून ते एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. त्यांची निवड वैराच्या तीव्रतेवरून होते, असे वरवर पाहता वाटते. पण दोन पक्षांमध्ये द्वेष आहे, नियमांनी बांधलेला सामना आहे की एकाच वस्तूवरचा दावा आहे, हे संबंधाचे स्वरूपच अधिक निर्णायक ठरते.

जुन्या इंग्रजीत शत्रूला ‘फेओन्ड’ आणि मित्राला ‘फ्रेओन्ड’ म्हणत. पहिला शब्द द्वेष करण्याच्या आणि दुसरा प्रेम करण्याच्या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला होता. ‘फ्रेंड’ आणि संस्कृत ‘प्रिय’ यांचे मूळ एकच आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून शेकडो शब्द इंग्रजीत आले, त्यांत ‘एनिमी’ही आला. त्याने जुन्या शब्दाची जागा घेतली आणि ‘फेओन्ड’चे आजचे रूप ‘फीन्ड’ हे मुख्यतः सैतान किंवा क्रूरकर्मा या अर्थाने उरले. जर्मन भाषेत मात्र त्याचाच भाऊबंद असलेला ‘फाइन्ड’ आजही साध्या शत्रूला लावतात.

‘एनिमी’चे मूळ लॅटिन ‘इनिमिकुस’ म्हणजे ‘जो मित्र नाही तो’ असे आहे. लॅटिनमध्ये हा शब्द व्यक्तिगत वैऱ्यासाठी होता, तर राष्ट्राच्या शत्रूला ‘होस्टिस’ म्हणत. ‘होस्टिस’चा आधीचा अर्थ केवळ ‘परका’ असा होता आणि पाहुण्यासाठीचा इंग्रजी ‘गेस्ट’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे. इंग्रजीने हा भेद राखला नाही. येशूच्या ‘शत्रूंवर प्रीती करा’ या उपदेशाच्या लॅटिन पाठात ‘इनिमिकुस’चेच रूप आहे, इंग्रजी वाचकाला मात्र तेथे आणि युद्धाच्या बातमीत एकच शब्द भेटतो.

कायद्यात ‘एनिमी’ हा भावनेचा नव्हे, तर दर्जाचा शब्द आहे. इंग्लंडच्या १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्यात राजाच्या शत्रूंना साथ देणे हा गुन्हा ठरला आणि अमेरिकेच्या संविधानातील राजद्रोहाच्या व्याख्येतही हा शब्द आला. भारतात १९६८ चा शत्रू संपत्ती कायदा याच परंपरेतला आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर शत्रू ठरलेल्या व्यक्तीच्या भारतीय नागरिक असलेल्या वारसालाही हा कायदा शत्रूच्या व्याख्येत धरतो. वैर नसतानाही माणूस ‘एनिमी’ ठरू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे.

‘फो’ हा मूळचा इंग्रजी शब्द आता काव्यात, बातम्यांच्या मथळ्यांत आणि ‘फ्रेंड ऑर फो’ अशा जोडीत टिकून आहे.

‘ऑपोनन्ट’मध्ये द्वेष गृहीत नसतो. मध्ययुगीन विद्यापीठांतील वादसभेत मांडलेल्या प्रमेयावर आक्षेप घेणाऱ्याला हे नाव होते. आज बुद्धिबळात, निवडणुकीत किंवा सामन्यात समोर असणाऱ्याला ऑपोनन्ट म्हणतात, तसेच एखाद्या प्रथेला किंवा विधेयकाला विरोध करणाऱ्यालाही म्हणतात. याचे भाषांतर ‘शत्रू’ असे करणे ही साधी चूक नव्हे, कारण त्यामुळे मतभेदाला वैराचे रूप येते. सामूहिक अर्थाचा ‘ऑपोझिशन’ हा शब्द संसदेतील विरोधी पक्षासाठी आणि क्रिकेटमधील समोरच्या संघासाठीही चालतो. १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाउस यांनी ब्रिटिश संसदेत ‘राजाचा विरोधी पक्ष’ असा प्रयोग केला आणि विरोध करूनही राज्यनिष्ठ राहता येते, या कल्पनेला नाव मिळाले.

‘राइव्हल’ची कथा सर्वांत बोलकी आहे. लॅटिन ‘रीवुस’ म्हणजे ओढा, आणि ‘रीवालिस’ म्हणजे त्याच ओढ्याचे पाणी वापरणारा. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून जुंपलेली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा अर्थविकास समजावून सांगावा लागणार नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये हाच शब्द पहाऱ्यावरच्या जोडीदारांसाठी आला आहे, म्हणजे वाटेकरी हा अर्थही काही काळ जिवंत होता. संस्कृतातही ‘सपत्नी’ म्हणजे सवत, या शब्दावरून शत्रुवाचक ‘सपत्न’ शब्द बनला. दोन्हीकडे वैराचे कारण सामाईक हक्क हेच आहे. म्हणूनच राइव्हल हा बहुधा तुल्यबळ आणि जवळचा असतो.

‘अ‍ॅडव्हर्सरी’ म्हणजे सामोरा ठाकलेला. दोन्ही पक्षांनी आपापली बाजू न्यायाधीशापुढे मांडण्याच्या न्यायपद्धतीला यावरूनच नाव मिळाले आहे. हिब्रू ‘सातान’ या शब्दाचा मूळ अर्थही हाच आहे. सांकेतिक लेखनाच्या शास्त्रात गुप्त संदेश फोडू पाहणाऱ्या कल्पित पक्षाला अ‍ॅडव्हर्सरी म्हणतात.

‘अँटॅगोनिस्ट’ ग्रीक ‘अगोन’ म्हणजे स्पर्धा या शब्दापासून आला. नाटकात तो नायकाच्या विरोधात असतो, पण खलनायक असेलच असे नाही. शरीरशास्त्रात परस्परविरुद्ध काम करणाऱ्या स्नायूंना आणि औषधशास्त्रात ग्राहींवर, म्हणजे द्रव्ये जेथे जोडली जातात अशा पेशींवरील जागांवर, दुसऱ्या द्रव्याचा परिणाम रोखणाऱ्या नॅलोक्झोनसारख्या औषधांना ही संज्ञा लावतात.

‘नेमेसिस’ ही ग्रीकांची उन्मत्ताला शासन करणारी देवता असून तिचे प्रसिद्ध मंदिर ग्रीसमधील अ‍ॅटिका प्रदेशातील ऱ्हाम्नूस येथे होते. त्यामुळे जुन्या वापरात नेमेसिस म्हणजे अटळ, बहुधा न्याय्य शिक्षा. आता एखाद्या फलंदाजाला वारंवार बाद करणाऱ्या गोलंदाजालाही समालोचक नेमेसिस म्हणतात. तेथे ‘हाडवैरी’ शोभत नाही, कारण दोघांत वैर नसते. मराठी क्रीडावृत्तांतला ‘कर्दनकाळ’ त्या अर्थाच्या अधिक जवळ जातो.