चित्रपट अभिलेखागारे व स्त्री-चित्रपटकर्त्या

स्त्रियांनी दिग्दर्शित वा निर्मित केलेले चित्रपट शोधणे, त्यांचे कर्तृत्व (म्हणजे चित्रपट नेमका कोणी केला हे) निश्चित करणे, फितींचे जतन करणे आणि संग्रहालयांतून ते प्रेक्षकांपुढे मांडणे, या कामांचा समावेश या अभ्यासक्षेत्रात होतो. यातील बहुतेक संशोधन मूकपटांच्या काळाशी निगडित आहे, कारण सर्वाधिक हानी त्याच काळाची झाली. १९१२ ते १९२९ या काळातील अमेरिकी मूक कथापटांपैकी सुमारे १४ टक्केच मूळ स्वरूपात व पूर्णावस्थेत उरले आहेत, असे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ मधील पाहणीत आढळले. त्या काळी वापरली जाणारी नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते, ओलाव्याने चिकट होते व शेवटी तिची भुकटी होते. पण स्त्रियांच्या चित्रपटांच्या बाबतीत फीत टिकूनही कर्तृत्व हरवते, ही वेगळी अडचण आहे. प्रारंभीच्या चित्रपटांना श्रेयनामावली नसे आणि विक्रीच्या सूचीत फक्त कंपनीचे नाव असे. विवाहानंतर आडनाव बदलले की एकाच व्यक्तीच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जात. अमेरिकी दिग्दर्शिका लोइस वेबर व तिचा पती फिलिप्स स्मॉली यांच्या संयुक्त चित्रपटांत कोणाचा वाटा किती, हे केवळ फितीवरून सांगता येत नाही. त्यासाठी व्यापारी नियतकालिके, करारपत्रे व पटकथांचे मसुदे पाहावे लागतात.

या क्षेत्रातील सर्वांत चर्चित वाद फ्रेंच दिग्दर्शिका आलिस गी (१८७३–१९६८) यांच्या पहिल्या चित्रपटाच्या कालनिश्चितीचा आहे. गी या पॅरिसमध्ये चित्रपट-उद्योजक लेओं गोमों यांच्याकडे सचिव होत्या. उतारवयात लिहिलेल्या व १९७६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपण प्रारंभीच्याच दिवसांत कोबीतून बाळे काढणाऱ्या परीचा एक छोटा कथापट केल्याचे सांगितले आहे. हा चित्रपट परंपरेने १८९६ चा मानला जातो व तो ग्राह्य धरल्यास जगातील आद्य कथापटांत त्याची गणना करावी लागते. मात्र आज उपलब्ध असलेली सुमारे एका मिनिटाची प्रत १९०० च्या सुमाराची आहे, याविषयी बहुतेकांचे एकमत दिसते. तीत लांब झग्यातील परी रंगवलेल्या मोठ्या कोबींमागून एकेक बाळ उचलते आणि प्रेक्षकांकडे वळून दाखवते. काही बाळे खरी आहेत, काही बाहुल्या. याच कल्पनेवर १९०२ मध्ये त्यांनी आणखी एक, अधिक लांबीचा चित्रपट केला, ज्यात बाळ विकत घ्यायला आलेले जोडपे आहे. गी यांच्या आठवणीतील वर्णन काही तपशिलांत या दुसऱ्या चित्रपटाशी जुळते आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

गी यांच्या अभ्यासक अलिसन मॅकमहन यांच्या मते १८९६ चा चित्रपट गोमों यांच्या तेव्हाच्या सुमारे ६० मिलिमीटर रुंदीच्या फितीवर झाला असावा आणि पुढे ३५ मिलिमीटर फीत रूढ झाल्यावर तो नव्याने चित्रित केला गेला. याउलट काही फ्रेंच अभ्यासक समकालीन लिखित पुराव्याअभावी १८९६ हे वर्ष मान्य करीत नाहीत. पहिले मत तांत्रिकदृष्ट्या सुसंगत आहे आणि त्या काळी मागणी असलेले चित्रपट पुन्हा चित्रित करण्याची रीत होतीच, हेही लक्षात घ्यावे लागते. तथापि १९०० ची प्रत दाखवून त्याखाली १८९६ हे वर्ष लिहिणे कोणत्याही मतानुसार योग्य ठरत नाही. गी स्वतः १९२७ मध्ये आपल्या चित्रपटांच्या शोधात अमेरिकेस गेल्या होत्या व त्यांना एकही प्रत मिळाली नाही. पुढे निरनिराळ्या देशांच्या संग्रहांतून त्या मिळत गेल्या. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने २००९–१० मध्ये जोन सायमन यांच्या संयोजनाखाली त्यांचे मोठे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले.

अभिलेखागारांतील स्त्रियांचे योगदान हा याच विषयाचा दुसरा भाग होय. आयरिस बॅरी यांनी १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या चित्रपट विभागाचा पाया घातला. स्वतः सहदिग्दर्शिका असलेल्या मारी एप्स्टाइन यांनी सिनेमातेक फ्रांसेज या पॅरिसमधील चित्रपट अभिलेखागारात दीर्घकाळ मूकपटांचे पुनरुज्जीवन केले; इतरांचे चित्रपट वाचवणाऱ्या या बाईंचे स्वतःचे दिग्दर्शन मात्र फार काळ सहकारी झां बेन्वा-लेव्ही यांच्या नावाआड राहिले. अलीकडे कोलंबिया विद्यापीठातील जेन गेन्स यांच्या पुढाकाराने मूकपटकाळातील स्त्रियांचा मोठा चरित्रकोश तयार होत आहे. त्यात लेखिका, संकलक व फिती रंगवणाऱ्या स्त्रियांचाही विचार झाला, हे महत्त्वाचे आहे.

भारतात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (पुणे) १९६४ मध्ये स्थापन झाले. पहिल्या भारतीय दिग्दर्शिका मानल्या जाणाऱ्या फातमा बेगम यांचा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ (१९२६) आज उपलब्ध नाही. दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फितीला छिद्रे पाडणे, फीत धुणे ही कामे करीत, असे सांगितले जाते. अशा श्रमांची नोंद करण्यासाठी रूढ सूचीपत्रात रकानाच नसतो.

जतनाचे एक फलदायी उदाहरण ‘युगांतर’ या चित्रपटकर्त्यांच्या गटाचे आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव व नवरोझ काँट्रॅक्टर यांनी १९८० मध्ये हा गट स्थापन केला. पुण्यातील घरकामगार स्त्रियांवरील ‘मोलकरीण’ (१९८१) व निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवरील लघुपट त्यांनी त्या स्त्रियांच्या सहभागाने केले आणि वस्त्या-वस्त्यांत दाखवले. सतत दाखवल्या गेलेल्या १६ मिलिमीटर प्रतींवर ओरखडे, तुटलेले सांधे व विरलेला आवाज अपेक्षितच असतो. बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपट-संस्थेच्या सहकार्याने या लघुपटांचे डिजिटल पुनरुज्जीवन झाले आहे आणि त्यामुळे निपाणीच्या बायकांची मराठी त्यांच्याच आवाजात पुन्हा ऐकता येते.