यादवी युद्धातल्या सैनिकांची पत्रं आणि डायऱ्या

एकाच देशातली माणसं दोन फळ्या करून एकमेकांच्या जिवावर उठतात त्याला आपण यादवी म्हणतो, प्रभासला आपसात लढून संपलेल्या यादवांवरून हा शब्द आला. अशा लढाईत शिपायांनी घरी धाडलेली पत्रं आणि खिशात बाळगलेल्या डायऱ्या, त्यांच्याबद्दल ही नोंद. यातला फार मोठा साठा अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या युद्धाचा आहे, एका बाजूला देश एक ठेवू पाहणारी उत्तरेकडची राज्यं आणि दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं, आणि खानदेशातल्या माणसाने तो मुद्दाम वाचावा कारण त्या युद्धाचा धागा थेट आपल्या कपाशीपर्यंत येतो.

झालं असं की उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेना, मग मुंबईहून रुई जायला लागली आणि भाव आभाळाला टेकले. जळगाव त्या दिवसांत कापसाचं मोठं मार्केट झालं, रेल्वेही त्याच दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. १८६५ ला युद्ध थांबलं तसे भाव कोसळले, मुंबईत शेअरवाले बुडाले आणि जळगावच्या व्यापारालाही चांगलाच फटका बसला. आपल्याकडे गाड्या भरून कापूस बाजारात जात होता त्याच महिन्यांत तिकडे कापूस पिकवणाऱ्या राज्यांतली पोरं चिखलात बसून घरी पत्रं लिहीत होती, हे डोक्यात ठेवून वाचलं की ती पत्रं परकी वाटत नाहीत.

एवढी पत्रं लिहिली गेली कारण दोन्हीकडच्या गोऱ्या शिपायांत बहुतेकांना लिहिता-वाचता येत होतं, उत्तरेत साधारण ९० टक्के तर दक्षिणेत ८० टक्के असा अंदाज आहे. आणि नंतरच्या महायुद्धांत पत्रं सेन्सॉर व्हायची तशी इथे होत नव्हती, त्यामुळे अधिकाऱ्यावरचा राग, पगार थकल्याची तक्रार, पळून गेलेल्या सोबत्याची गोष्ट, सगळं सरळ लिहिलेलं सापडतं. उत्तरेच्या शिपायाकडे तिकीट नसलं तरी पाकिटावर ‘शिपायाचं पत्र’ असं लिहून अधिकाऱ्याची सही घेतली की पत्र जायचं, पैसे घरचे भरायचे. १८६४ मध्ये तिकडे मनीऑर्डर सुरू झाली तीसुद्धा शिपायांचा पगार घरी नीट पोचावा म्हणून. दक्षिणेत कागदाचे हाल, एकदा आलेलं पाकीट उलटं करून परत चिकटवायचे, भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदावर लिहायचे, आणि पान भरलं की तेच पान आडवं धरून लिहिलेल्या ओळींवरूनच पुढं लिहायचे.

डायरी वेगळी. छोटी खिशात मावणारी वही, बहुतेक पेन्सिलीने लिहिलेली, रोज दोन-तीन ओळी: पाऊस झाला, इतके मैल चाललो, पाव शिळा होता. पत्रात आईला काळजी नको म्हणून ताप लपवलेला असतो, तो डायरीत सापडतो. म्हणून ही दोन्ही जोडीने वाचावीत, आणि लढाईत किती मेले असे शिपायाने सांगितलेले आकडे मात्र जपून घ्यावेत, कारण छावणीत अफवा फार.

पत्राची वाट बघणं काय असतं हे गेटिसबर्गच्या लढाईतल्या उत्तरेच्या एका शिपायावरून कळतं. जुलै १८६३ मध्ये तो मेलेला सापडला तेव्हा ओळख पटेल असं अंगावर काहीच नव्हतं, हातात फक्त तीन लेकरांचा फोटो. तेव्हा पेपरात फोटो छापता येत नव्हते, म्हणून लेकरांचे कपडे कसे, कोण कुठे बसलंय याचं वर्णन छापलं, ते त्याच्या बायकोपर्यंत पोचलं आणि अमोस ह्युमिस्टन हे नाव कळलं. तो फोटो तिनेच पोस्टाने पाठवला होता.

या साठ्यात एक मोठी पोकळी आहे. उत्तरेच्या फौजेत जवळपास १ लाख ८० हजार काळे सैनिक होते, पण त्यांतले बरेच गुलामीतून आलेले, आणि दक्षिणेच्या कितीतरी राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणंच गुन्हा होता. मग पत्र कोण लिहिणार? आपल्याकडेही खेड्यात पोस्टमन किंवा मास्तरच पत्र लिहून द्यायचे, वाचूनही तेच दाखवायचे, त्यात माणसाच्या मनातलं अर्धं तोंडातच राहायचं. तरी जे काळे सैनिक लिहू शकले त्यांनी फार मोलाचं लिहून ठेवलंय. ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या उत्तरेच्या काळ्या सैनिकांच्या पलटणीतल्या जेम्स हेन्री गुडिंगने २८ सप्टेंबर १८६३ ला थेट अध्यक्ष लिंकनला पत्र लिहिलं: गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि आम्हाला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे, असं का, आम्ही शिपाई आहोत की मजूर? समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. गुडिंग तेव्हा दक्षिणेच्या अँडरसनव्हिलच्या कैदेत होता, जुलैमध्ये तो तिथेच वारला.